युद्धनिर्वासितांसाठी चर्चचे सेवाकार्य (नागपूर)

युद्ध, फाळणी किंवा सशस्त्र संघर्षामुळे घरदार सोडावे लागलेल्यांना ख्रिस्ती मंडळ्यांकडून (चर्च-संघटनांकडून) संघटितपणे दिली जाणारी मदत. अन्न, वस्त्र, औषधोपचार व निवारा हा तिचा दृश्य भाग. ताटातूट झालेल्या कुटुंबीयांचा शोध, अनाथ मुलांचे शिक्षण आणि दुःखिताजवळ बसून त्याचे ऐकून घेणे हेही तिच्यात येते. पूर्व व पश्चिम सीमांवरील छावण्यांपासून नागपूर फार दूर आहे. तरीही भारतातील या कार्याच्या इतिहासात या शहराचे नाव वारंवार येते, कारण प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालय येथे आहे.

धार्मिक अधिष्ठान : बाळ येशूला घेऊन योसेफ व मरिया यांनी हेरोदाच्या भयाने मिसर देशात आश्रय घेतला, ही मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील कथा या सेवेचा मूलाधार मानली जाते. परक्याला घरात घेणे म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताला घरात घेणे, ही त्याच ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायातील शिकवण.

आरंभाचा प्रश्न : नागपूरच्या संदर्भात या कार्याचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूर-कामठी परिसरात आले, तेथपासून हा धागा ओढण्याकडे स्थानिक लेखनाचा कल दिसतो. हिस्लॉप यांचे शिक्षणकार्य व भूशास्त्रातील संशोधन निर्विवाद मोठे आहे. परंतु 1863 मध्ये नदीत बुडून त्यांचा मृत्यू होईपर्यंतच्या त्यांच्या कामाला निर्वासितसेवा म्हणणे ओढूनताणून होईल.

दुसरी मांडणी पहिल्या महायुद्धाकडे बोट दाखवते. 1914 मध्ये नॅशनल मिशनरी कौन्सिल स्थापन झाली. त्याच सुमारास ब्रिटिश सरकारने जर्मन मिशनऱ्यांना स्थानबद्ध केले किंवा मायदेशी पाठवले आणि त्यांची मिशने पोरकी झाली. त्यांची देखभाल करण्याची जबाबदारी इतर मंडळ्यांवर आली. यांपैकी गॉसनर मिशनची मंडळी 1919 मध्ये स्वायत्त झाली. ती छोटा नागपूरची, म्हणजे रांची परिसरातील. नावाच्या साम्यामुळे ती विदर्भातील नागपूरशी जोडली जाते, ते चुकीचे आहे. शिवाय येथे आधार मिळाला तो संस्थांना. निर्वासितांचा प्रश्न वेगळाच होता.

1923 मध्ये कौन्सिलचे रूपांतर भारत, ब्रह्मदेश व सिलोनच्या राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत झाले आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान तिचे कार्यालय नागपुरात आले. मुंबई-हावडा व दिल्ली-मद्रास हे दोन्ही लोहमार्ग येथे छेदतात, ही सोय निवडीमागे असावी. 1942 मध्ये जपानी आक्रमणामुळे ब्रह्मदेशातून काही लाख लोक डोंगर-जंगले तुडवत आसामात आले. ब्रह्मदेश परिषदेच्या कार्यक्षेत्रात होता, पण या प्रसंगी मुख्य भार सरकार व चहामळेवाल्यांनी उचलला.

या सर्व मतांत 1947 हे वर्ष आरंभ म्हणून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. फाळणीच्या निर्वासितांसाठी परिषदेने त्या वर्षी मदतकार्य उभारले आणि त्यातूनच पुढे ‘कासा’ (चर्चेस ऑक्झिलियरी फॉर सोशल अ‍ॅक्शन) ही संस्था आकारास आली. प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स अशा 24 मंडळ्या आज तिच्याशी संलग्न आहेत. नागपुरात जरीपटका भागात सिंधी निर्वासितांची मोठी वसाहत झाली. तिच्या उभारणीचे श्रेय मुख्यतः त्या समाजाच्या स्वतःच्या कष्टांना द्यावे लागते.

पुरवठ्याची पद्धत : 1951 च्या भारत-अमेरिका कराराने मदतीच्या मालाला आयातशुल्कातून सूट मिळाली आणि बंदरापासून पुढचा वाहतूकखर्च भारत सरकारने उचलला. चर्चच्या मदतकार्याला यामुळे मोठे बळ मिळाले. दूध पावडर, धान्य व कपडे या मार्गाने येत. दिलेला माल जात-धर्म न पाहता गरजूला मोफत मिळावा, हे या व्यवस्थेत गृहीत होते.

मदत व धर्मांतर : या विषयावरील सर्वांत गंभीर वाद नागपुरातच घडला. त्या वेळी नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्य सरकारने 1954 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली; अहवाल 1956 मध्ये आला. वैद्यकीय व अन्य व्यावसायिक सेवांचा धर्मांतरासाठी होणारा वापर कायद्याने बंद करावा, अशी शिफारस तिने केली. मंडळ्यांनी निष्कर्ष अमान्य केले. अहवालाचा रोख आदिवासी भागांवर होता, निर्वासितांच्या छावण्यांवर नव्हे. परंतु त्याने उभा केलेला प्रश्न छावणीत अधिक टोकदार होतो, कारण तेथे मदत नाकारण्याचे स्वातंत्र्य माणसाला उरलेलेच नसते. म्हणून शिध्याच्या रांगेत प्रार्थनेची अट असता कामा नये, हा नियम या सेवेचा प्राण मानावा लागतो. 1994 च्या आंतरराष्ट्रीय आपत्ती-मदत आचारसंहितेने तो स्पष्ट शब्दांत मांडला. तिच्या पुरस्कर्त्यांत जागतिक चर्च परिषद, लुथरन वर्ल्ड फेडरेशन व कॅरितास इंटरनॅशनॅलिस (कॅथलिक मदतसंस्थांचा जागतिक महासंघ) यांचा समावेश आहे.

1971 : 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यानंतर चारच महिन्यांनी पूर्व पाकिस्तानातून लोंढे सुरू झाले. वर्षाअखेर निर्वासितांची संख्या सुमारे 1 कोटी झाली होती व त्यांतील सुमारे 68 लाख छावण्यांत होते. अवघ्या काही महिन्यांच्या या मंडळीचे कार्यक्षेत्र बंगालपर्यंत पसरलेले होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कासा व कॅरितास इंडिया (स्थापना 1962) यांनी सीमेवरील छावण्यांत काम केले. काही निर्वासित रेल्वेने रायपूरजवळच्या माना छावणीत हलवले गेले. ती नागपूर-हावडा मार्गावर आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या काही बंगाली कुटुंबांचे पुनर्वसन तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यात, आजच्या गडचिरोलीतील चामोर्शी व मुलचेरा भागांत झाले.

कायदेशीर चौकट : 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे निर्वासिताचा दर्जा प्रसंगानुरूप ठरतो. परदेशी देणग्यांवर आधी 1976 च्या कायद्याचे नियंत्रण होते; त्याची जागा 2010 च्या कायद्याने घेतली. 2020 च्या दुरुस्तीने एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसरीकडे वळवण्यास मनाई केली, ती समन्वयक संस्थांना विशेष जाचक ठरते.

कॅथलिक कार्य : नागपूर धर्मप्रांताची स्थापना 1887 ची, महाधर्मप्रांताचा दर्जा 1953 चा. आंतरराष्ट्रीय पातळीवर जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस 1980 मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी स्थापन केली. भारतात तिने तमिळनाडूतील श्रीलंकन तमिळ निर्वासितांच्या मुलांच्या शिक्षणावर भर दिला.