केक वरून करपतो, आत कच्चा राहतो? व्हिजिट बुक करण्याआधी हे वाचा

(आमच्याकडून ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, घेतलेल्या ग्राहकांसाठी)

ओटीजी घरी गेल्यावर पहिल्या महिनाभरात येणारे बहुतेक फोन एकाच सुराचे असतात: "वरून काळा झाला आणि सुरी घातली तर आत पीठ." आमचा माणूस जातो, वरचा-खालचा असे दोन्ही तापणारे रॉड बघतो, तापमान राखणारा थर्मोस्टॅट तपासतो, सगळं ठीक निघतं. ग्राहकाला व्हिजिटचे पैसे गेल्याचा राग आणि आमची अर्धी दुपार लोकलमध्ये. म्हणून हा कागद छापला आहे. कुठलं बटण कशाचं हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितो आहोत.

रॉड दोनदा विझू द्या

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर.

तापमानाचा नॉब १८० अंशांवर आणला की दोन्ही रॉड पूर्ण जोरात तापतात. गॅससारखी मंद आच इथे नसते. रॉड एक तर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. तापमान गाठलं की थर्मोस्टॅट टक् करून रॉड बंद करतो, उतरलं की पुन्हा लावतो. कमी किमतीच्या ओटीजीत हे काम दोन धातूंची एक पट्टी करते. त्यामुळे १८० लावलंत तरी आतलं तापमान त्याच्या पंधरा-वीस अंश वर-खाली होत राहतं. हा बिघाड नाही. या किमतीत सगळ्याच कंपन्यांचे ओव्हन असेच चालतात.

आता मुद्दा असा, की रॉड पहिल्यांदा विझतो तेव्हा आतली हवा तेवढी तापलेली असते. बाजूचा पत्रा, जाळी, तळ अजून मागेच असतात. त्या क्षणी दार उघडून केक आत सरकवला, की तापलेली हवा बाहेर जाते, थर्मोस्टॅट रॉड परत लावतो आणि अर्धवट तापलेला पत्रा वर येईपर्यंत ते बराच वेळ लाल राहतात. त्या लाल रॉडखाली चार बोटांवर तुमच्या केकचा माथा असतो. त्याचं बेकिंग न होता ग्रिलिंग होतं. वर घट्ट साल धरते, मधलं पीठ फुगायला जागा शोधतं आणि मग माथ्याला भेग पडते. ज्यांच्या केकला नेहमी मधोमध भेग पडते त्यांनी इथेच थांबून हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

म्हणून रॉड लाल झाले, विझले, पुन्हा लाल झाले, पुन्हा विझले की मगच केक आत ठेवा. १६ ते १९ लिटरच्या ओव्हनला यासाठी साधारण १२ ते १५ मिनिटं लागतात, २८-३० लिटरच्याला १५ ते २०. रेसिपीतली "दहा मिनिटं प्रीहीट" (केक ठेवण्याआधी रिकामा ओव्हन तापवणं) तुमच्या ओव्हनकडे बघून लिहिलेली नसते.

समोरच्या दिव्यावर भरवसा ठेवू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये तो टायमरला जोडलेला असतो, थर्मोस्टॅटला नाही. "दिवा चालू आहे पण रॉड लाल नाही, ओव्हन बंद पडला" हा आमच्याकडे येणारा दुसऱ्या क्रमांकाचा फोन. रॉड आधी लाल होऊन विझला असेल तर तापमान गाठलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि टायमर शून्यावर असेल तर काहीच तापणार नाही. पाच मिनिटं हवी असतील तर तो आधी वीसच्या पुढे फिरवा आणि मग पाचवर परत आणा. स्प्रिंगला पीळ बसला नाही तर टायमर मध्येच अडकतो.

दोनदा विझण्याची वाट बघायची म्हणजे घोटलेलं मिश्रण ओट्यावर ताटकळणार, ही शंका रास्त आहे. म्हणून आधी ओव्हन लावा, मग ओलं आणि कोरडं एकत्र करा. बिनअंड्याच्या केकमध्ये इनो किंवा सोडा घालणार असाल तर तो दुसऱ्यांदा रॉड विझण्याच्या बेतात असताना घाला.

नॉबवरचे आकडे

नॉबवरचा १८० आणि आतला १८० यांत फरक असतो. कधी दहा अंशांचा, कधी तीसचा. आम्ही विकतानाच ओव्हन थर्मामीटर घ्या म्हणतो तेव्हा ग्राहकांना वाटतं, आणखी एक वस्तू गळ्यात मारतायत. पण जाळीच्या मधोमध टांगायचा हा डायलवाला थर्मामीटर एका व्हिजिटपेक्षा स्वस्त पडतो. रॉड दोन-तीनदा लागून-विझून गेले की काचेतून बघा. तो १६० ते २०० यांमध्ये हलत असेल तर उत्तम. १९० ते २३० यांमध्ये हलत असेल तर तुमचा ओव्हन तीस अंश गरम चालतो. १८० हवे तेव्हा नॉब १५० वर ठेवा. नॉबशेजारी मार्करने खूण करून टाका. थर्मोस्टॅट बदलायची गरज नाही, नवाही कदाचित तेवढाच चुकेल.

पंखा

कन्व्हेक्शनच्या पंख्याबद्दल खोक्यावर बरंच काही छापलेलं असतं. मोठ्या बिल्ट-इन ओव्हनमध्ये बऱ्याचदा पंख्याभोवती वेगळा रॉड असतो. तुमच्या ओव्हनमध्ये तो नाही. इथला पंखा वर-खालच्या रॉडची उष्णता फक्त फिरवतो. तेवढ्यानेही चांगला फरक पडतो. पंखा चालू असेल तर रेसिपीतलं तापमान २० अंशांनी कमी करा. नानकटाई, कुरकुरीत करायच्या वड्या, चिवड्याचे पोहे यांना पंखा हवाच. पातळ मिश्रणाच्या केकला पहिली वीस मिनिटं पंखा बंद ठेवलात तर माथा सपाट येतो.

पंखा सहसा एका बाजूला असतो, म्हणून त्या बाजूचा रंग आधी येतो. दोन तृतीयांश वेळ झाला की भांडं फिरवा. त्याआधी दार उघडलंत तर केक खाली बसेल.

आता पंख्याचा खरा शत्रू: ओव्हनसोबत येणारा रुंद ट्रे. तो सरकवला की वरची आणि खालची हवा वेगळी होते आणि पंखा नावापुरता उरतो. जाळीवर छोटा ट्रे किंवा टिन ठेवा, चारी बाजूंनी किमान दोन बोटं मोकळी. १९ लिटरला ७ इंची गोल टिन, २८-३० लिटरला ८ इंची. ॲल्युमिनियमचा साधा, फिक्या रंगाचा टिन आम्ही मुद्दाम ठेवतो. काळा नॉनस्टिक उष्णता जास्त ओढतो आणि बूड करपवतो. काळाच असेल तर १० अंश कमी. जाळीवर किंवा तळावर फॉइल अंथरू नका. मायक्रोवेव्हची प्लास्टिकची भांडी यात ठेवलीत तर वितळतील.

कशाला किती

अंड्याचा साधा केक १७० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं, खालच्या जाळीवर. कंडेन्स्ड मिल्कचा केक साखर-दुधामुळे लवकर काळवंडतो, त्याला १६० आणि पाच-दहा मिनिटं जास्त. छोट्या ओव्हनमध्ये वरचा रॉड माथ्याच्या फारच जवळ येतो. तिथे दोन्ही रॉडवर प्रीहीट करून केक ठेवल्यावर फक्त खालचा रॉड लावा आणि शेवटची पाच मिनिटं दोन्ही. नानकटाई पंखा लावून १६० वर १५ ते १८ मिनिटं. बाहेर काढताना ती मऊच असते, गार झाल्यावर कडक होते. आतच कडक होण्याची वाट बघणाऱ्यांची नानकटाई दगड होते.

पातळ पोहे १२० वर, पंखा चालू, आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा हलवून. चिमटीत चुरा झाला की काढा. शेंगदाणे १६० वर एकाच थरात १५ मिनिटं. वाफवून गार केलेल्या कोथिंबीर वडीला तेलाचा हात फिरवून २०० वर १५ मिनिटं, एकदा उलटून. पनीर टिक्क्याला २३०, वरची जाळी, दोन्ही रॉड, खाली तेल गळायला ट्रे. पावसाळ्यात सादळलेली खारी-बटर १२० वर पाच मिनिटांत परत कुरकुरीत होते, फक्त डब्यात भरण्याआधी उघड्यावर पूर्ण गार होऊ द्या. सुके बोंबील छान भाजले जातात. पुढचा केक मात्र आठवडाभर तरी त्यात करू नका.

पॉइंट आणि जागा

१३०० वॉटचा ओव्हन साडेपाच अँपिअर ओढतो, १५०० वॉटचा साडेसहा, २००० वॉटचा पावणेनऊ. म्हणून जाड पिनचा प्लग दिलेला असतो आणि तो १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटमध्येच बसवायचा (वायरमन अजून "पंधराचा पॉइंट" म्हणतात). जाड पिन बारीक पॉइंटात बसवायचा कन्व्हर्टर आम्ही विकत नाही, मागितला तरी देत नाही. शेजारच्या दुकानात मिळतो, हे आम्हाला ठाऊक आहे. वितळलेले प्लगही आम्हीच बदलतो. फ्रिज आणि ओव्हन एका मल्टिप्लगवर नको.

मुंबईच्या स्वयंपाकघरात जागा नसते हे मान्य, पण फ्रिजच्या डोक्यावर ओव्हन ठेवू नका आणि सनमायकाच्या कपाटाच्या अगदी खालीही नको. बाजूंना आणि मागे चार इंच, वर त्याहून जास्त. दाराच्या फटीतून वाफ येणं नॉर्मल आहे. या ओव्हनच्या दाराला फट बंद करणारी रबराची पट्टी (गास्केट) नसते. गरम काचेला ओलं फडकं लावू नका.

विजेचं म्हणाल तर १५०० वॉटच्या ओव्हनमध्ये प्रीहीट धरून एका केकला साधारण पाऊण युनिट जातं.

पावसाळ्यात घरातली लाइट जाते

जुलै-ऑगस्टपासून हे फोन सुरू होतात: ओव्हन लावला की ईएलसीबी (करंट गळला की घरातली वीज तोडणारा सुरक्षेचा स्विच) पडतो. स्टीलच्या रॉडमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ओव्हन महिनोन् महिने बंद राहिला की ती हवेतली ओल धरते, थोडा करंट अर्थिंगकडे झिरपतो आणि ईएलसीबी आपलं काम करतो. ईएलसीबी काढून किंवा अर्थची पिन तोडून ओव्हन चालवणं जिवावर बेतू शकतं. ओव्हन दुकानात आणा. बऱ्याचदा रॉड सुकवून पुन्हा तपासला की काम भागतं, नाहीतर रॉड बदलतो. आम्ही विकतो त्या सगळ्या मॉडेलचे रॉड आमच्याकडे असतात. हे टाळायचं असेल तर जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा रिकामा ओव्हन १५० वर दहा मिनिटं चालवा.

व्हिजिटबद्दल

बिघाड निघाला नाही तरी व्हिजिटचे पैसे आम्ही घेतो, कारण माणसाचा वेळ तेवढाच जातो. म्हणूनच आधी व्हॉट्सॲपवर तीन गोष्टी पाठवा: नॉबची जागा दिसेल असा समोरचा फोटो, प्लग कुठे लावला आहे त्याचा फोटो, आणि रॉड लागताना-विझतानाचा व्हिडिओ. निम्म्याहून जास्त तक्रारी आम्ही त्यावरच, पैसे न घेता सोडवतो. ओव्हन आमच्या दादरच्या दुकानात घेऊन येणार असाल तर जाळी आणि ट्रे घरी ठेवा, टॅक्सीत ते आतून काचेवर आपटतात. सोमवारी दुकान बंद असतं.