लिगामेंट जोडलं, पण गुडघ्याचं पुढे काय?

पाय रोवून धावता-धावता अचानक वळलं की गुडघ्यात 'कट्' आवाज येतो आणि काही तासांत गुडघा टम्म फुगतो. एसीएल, म्हणजे गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटल्याची ही नेहमीची कहाणी. दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, मांडीमागचा स्नायुबंध त्या जागी बसवतात, गुडघा निसटायचा थांबतो. आता गुडघा पहिल्यासारखा झाला, असं खेळाडूला आणि घरच्यांना वाटतं.

स्वीडनमधल्या संशोधकांनी एसीएल तुटलेल्या महिला फुटबॉलपटूंना 12 वर्षांनी पुन्हा तपासलं. 2004 साली आलेले निकाल अस्वस्थ करणारे होते. सरासरी वय 31, आणि एक्स-रे काढलेल्यांपैकी निम्म्या जणींच्या गुडघ्यात संधिवाताची झीज! ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या खेळाडूंमध्ये त्या बाबतीत फरक आढळला नाही.

असं का व्हावं? लिगामेंट तुटतं त्या क्षणी मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांवर आदळतं. बहुतेकांच्या एमआरआयमध्ये हाडाला आतून बसलेला मुका मार दिसतो. सांध्यात रक्त साचतं, दाह पेटतो आणि कूर्चेतलं, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणातलं, कोलॅजन (तिला बळकटी देणारे धागे) तुटू लागतं. कूर्चेला रक्तवाहिन्या नसल्याने ती धड भरून येत नाही, आणि नसा नसल्याने वर्षानुवर्षं दुखतही नाही. नवं लिगामेंट हा मार पुसू शकत नाही. शिवाय चालण्याची ढब थोडी बदलते, आणि भार कूर्चेच्या सवय नसलेल्या भागावर पडतो.

माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे गुडघ्यातल्या दोन हाडांमधली गादी, म्हणजे मेनिस्कस. दुखापतीनंतर किमान 10 वर्षांचे अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा फक्त एसीएल तुटलेल्यांत झिजेचं प्रमाण 0 ते 13 टक्के निघालं. गादीही फाटलेल्यांत 21 ते 48. म्हणून फाटलेली गादी काढून टाकण्याऐवजी शक्य तिथे शिवलीच पाहिजे. गुडघा वारंवार निसटत असेल, तर गादी वाचवण्यासाठी ऑपरेशन खरंच उपयोगी पडतं. निसटत नसेल, तर आधी नेटाने व्यायाम करून पाहता येतो: स्वीडनमध्येच झालेल्या चाचणीत या वाटेने गेलेल्या तरुणांपैकी जवळपास निम्म्यांना 5 वर्षांनंतरही ऑपरेशन लागलं नव्हतं.

आपल्याकडच्या कबड्डीपटूंना ऑपरेशननंतर पुढच्या स्पर्धेची घाई असते. ती फार महाग पडते, कारण दुसरी दुखापत उरलीसुरली गादीही घेऊन जाते. नॉर्वेतल्या 2016 च्या अभ्यासात, 9 महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितकं लांबवलं, तितकी दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याची शक्यता जवळपास निम्म्याने घटली. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीला आलेल्यांना हा धोका आणखी कमी होता.