मुंबई ते कराची: दीड तासाचं अंतर

नकाशावर सरळ रेघ ओढली तर मुंबईहून कराची साधारण 880 किलोमीटर भरते. दिल्ली त्याहून लांब आहे. थेट विमान असेल तर दीड तास पुरतो. पण असं विमान आज नाही, आणि ते का नाही हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

1847 पासून 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीचा कारभार मुंबईतून चाले, त्यामुळे मराठी कारकून, शिक्षक, अधिकारी तिकडे बदलीवर जात. सिंधमध्ये शाळा उभ्या करणारे नारायण जगन्नाथ वैद्य त्यांपैकीच. त्यांच्या नावाची शाळा कराचीत अजून भरते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. तेव्हा प्रवास आगबोटीने, नाहीतर मारवाड-अहमदाबादमार्गे रेल्वेने.

1929 मध्ये लंडनहून इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीची हवाई टपाल कराचीपर्यंत येऊ लागली. पुढे मात्र दक्षिणेकडची पत्रं पुन्हा जमिनीवरून रखडत. हा तुटलेला दुवा जोडण्यासाठी 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा पुस मॉथ हे एक इंजिनाचं छोटं विमान घेऊन सकाळी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले. अहमदाबादला उतरून इंधन भरलं. तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. दुपारी ते जुहूच्या साध्या मैदानावर टपालाच्या थैल्यांसह उतरले. सुमारे सात तास लागले. तिथून त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिंटसेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. एअर इंडियाचं मूळ या टपालफेरीत आहे, म्हणजे तिची सुरुवातच कराची-मुंबई वाटेवर झाली. 1982 मध्ये, पन्नास वर्षं झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी तसंच जुनं विमान एकट्याने चालवत कराचीहून जुहू गाठलं. मला या सगळ्या इतिहासात तो दिवस सर्वांत जवळचा वाटतो.

फाळणीनंतर शहरं दोन देशांत गेली. सिंधी कुटुंबं बोटींनी मुंबईत आली, आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं. जेट विमानांमुळे वेळ कमी होत होता, पण वाट पुन्हापुन्हा बंद पडत होती. 1971 मध्ये तुटलेली दोन्ही देशांची हवाई वाहतूक 1976 मध्ये सुरू झाली. संसदेवरील हल्ल्यानंतर, जानेवारी 2002 पासून ती पुन्हा दोन वर्षं थांबली. पुढे कराची-मुंबई फेरी चालू होती, तीही 2017 मध्ये बंद झाली. एप्रिल 2025 मध्ये तर दोन्ही देशांनी आपलं आकाशच एकमेकांच्या विमानांना बंद केलं.

एरवी या दोन शहरांमध्ये विमानाने जायचं तर नेहमीची वाट दुबईची. मुंबई-दुबई सुमारे 1,900 किलोमीटर, तिथून कराची आणखी सुमारे 1,200. मध्ये विमानतळावरची थांबणूक धरली की जेआरडींच्या 1932 च्या सात तासांपेक्षा जास्त वेळ सहज जातो. उल्हासनगरच्या ज्या घरांत कराचीतल्या गल्ल्यांची नावं अजून घेतली जातात, त्यांना तर आधी व्हिसाच मिळत नाही.