सामायिक कृषी धोरण, युरोपीय संघाचे
युरोपीय संघातील सर्व सदस्य देशांना लागू असलेले शेती-अनुदान, बाजार नियंत्रण व ग्रामविकासाचे धोरण. १९५७ च्या रोम करारात त्याची तरतूद झाली आणि १९६२ मध्ये ते अमलात आले. महायुद्धातील अन्नटंचाई लोक विसरले नव्हते. त्यामुळे भरपूर उत्पादन आणि भावाची हमी यांवर सुरुवातीला सगळा भर होता.

भाव ठरलेल्या पातळीखाली घसरला की सरकारी यंत्रणा धान्य, लोणी, दूध भुकटी विकत घेई. माल खपेल की नाही याची चिंता शेतकऱ्याला उरली नाही आणि शीतगृहे लोण्याने भरली. १९७३ मध्ये हे लोणी सोव्हिएत संघाला मातीमोल भावाने विकावे लागले. निर्यात अनुदानावर परदेशी बाजारात उतरवलेल्या अशा मालाने गरीब देशांतील शेतकऱ्यांचे भाव पाडले. या धोरणाचा हा सर्वांत मोठा अन्याय.

लहान शेते एकत्र करण्याची युरोपीय आयोगाचे कृषी आयुक्त सिको मान्सहोल्ट यांची १९६८ ची योजना शेतकऱ्यांच्या संतापापुढे टिकली नाही. १९८४ मध्ये दुधाला कोटा आला. त्याहून जास्त दूध घातल्यास दंड भरावा लागे. खरे वळण १९९२ चे. आयुक्त रे मॅकशॅरी यांनी धान्याचे हमीभाव सुमारे एक तृतीयांशाने उतरवले आणि घट भरून काढण्यासाठी शेतकऱ्याला थेट रक्कम दिली. ही रक्कम पेरलेल्या क्षेत्रावर आणि जनावरांच्या संख्येवर ठरे. २००३ मध्ये आयुक्त फ्रान्झ फिशलर यांनी ती उत्पादनापासून बऱ्याच अंशी तोडली: गहू पेरा वा कुरण ठेवा, पैसे हेक्टरमागे.

गोम इथेच आहे. जमीन जास्त त्याला पैसा जास्त. थेट अनुदानाचा सुमारे ८० टक्के वाटा २० टक्के लाभार्थ्यांकडे जातो. गरज कुणाची, हा प्रश्न हेक्टरच्या हिशोबात बसत नाही. मोठ्या रकमांवर मर्यादा घालण्याचे प्रस्ताव वारंवार आले, पण २०२३ पासूनच्या चौकटीतही ती सक्तीची नाही. निर्णय त्या त्या देशावर सोडला आहे.

याच चौकटीत थेट अनुदानाचा साधारण चौथा हिस्सा निसर्गपूरक शेतीसाठी राखला गेला. २०२४ च्या शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टर मोर्चांनंतर अनुदानासाठी ४ टक्के जमीन पडीक ठेवण्याची अट काढली. दहा हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना पर्यावरणाच्या अटींवरील तपासणी व दंडातून मिळालेली सूट रास्तच होती. पडीक जमिनीची अट मात्र मोठ्या बागायतदारांनाही माफ झाली.