वाळणं आणि विरजणं: विमानाच्या कापडावर थंडीत मारलेले दोन थर

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ऑक्टोबर सरत आला की गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्यांची धांदल उडते. सांगाड्यावर पॉलिएस्टरचं कापड चढवून इस्त्रीने ताणून घेतलेलं असतं आणि बर्फ पडायच्या आत त्यावरचे कोट उरकायचे असतात. थर बोटाला लागेनासा झाला की ‘वाळला’ म्हणायचं आणि पुढचा कोट मारायचा. पण या एका शब्दाखाली दोन वेगळ्या क्रिया दडलेल्या आहेत आणि थंडी त्या दोन्हींना वेगवेगळ्या तऱ्हेने नडते.

स्वयंपाकघरात हा घोळ आपण कधी करत नाही. पापड वाळतो, दही लागतं. पापडातलं पाणी गेलं की तो कडक होतो. त्याच्यावर पुन्हा पाणी सांडलं तर मऊ पडतो. दही लागताना दुधातून काही उडून जात नाही, दूधच बदलतं, आणि दह्याचं परत दूध होत नाही. पॉली-फायबर या विमानाच्या कापडावर लेप चढवण्याच्या पद्धतीतले पॉली-ब्रश, रुपेरी पॉली-स्प्रे आणि रंगाचा पॉली-टोन हे व्हायनिलचे थर पापडाच्या जातीचे: द्रावक, म्हणजे रंग पातळ ठेवणारं द्रव, उडतो आणि रेझिन, म्हणजे थर बनवणारा चिकट पदार्थ, मागे उरतं. जुन्या विमानांच्या कापडावरचा डोप नावाचा लेपही त्यातलाच. वरून मारायचा एरोथेन मात्र दोन डब्यांचा पॉलियुरेथेन. दुसऱ्या डब्यातल्या हार्डनरमधलं आयसोसायनेट नावाचं रसायन रेझिनला जोडलं जातं आणि सगळा थर एक जाळं होतो. हे विरजण.

आधी पापडाचं बघू. ही पद्धत रे स्टिट्स यांनी कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला घडवली, म्हणजे उबदार, कोरड्या हवेत. नेहमीच्या थिनरच्या नावातच 65-75 आहे. ते फॅरनहाइटचे अंश, आपले साधारण 18 ते 24. त्याहून गार हवेत द्रावक रेंगाळतो आणि रंग ओघळतो. डब्यातला रंगही थंडीत घट्ट होतो. तेव्हा जास्त थिनर ओतायचा मोह होतो. त्याऐवजी डबा कोमट पाण्यात ठेवावा. जादा थिनरने थर पातळ बसतो आणि पॉली-स्प्रेमधली ॲल्युमिनियमची भुकटी, जी कापडाला उन्हापासून वाचवते, ती कमी पडते.

पण खरं दुखणं पांढरट झाक येण्याचं. द्रावक उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतो. कापड इतकं पातळ की त्याच्याकडे उष्णतेची शिल्लकच नसते, ते झटकन गार होतं. हवा 18 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असेल तर दव जमायला कापड सुमारे 12 अंशांपर्यंत उतरलं की पुरे. ते पाणी ओल्या थरात शिरतं, रेझिन दुधाळ होतं आणि तिथे थर कच्चा राहतो. उपाय म्हणजे रंगात हळू उडणारा द्रावक, म्हणजे रिटार्डर, मिसळणं. गार हवेत द्रावक लवकर उडावा असं वाटत असताना मुद्दाम त्याला रोखायचं, हे पहिल्यांदा करताना मनाला पटत नाही.

आणि ही ओल बहुतेक वेळा आपणच आत आणतो. हिवाळ्यातली बाहेरची हवा मुळात कोरडी असते. शून्य अंशाची हवा 20 अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली येते. पण धुराडं नसलेल्या हीटरमध्ये एक लिटर रॉकेल जाळलं की साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन गॅरेजमध्ये येतं. दोन गाड्यांच्या गॅरेजात धरा 100 घनमीटर हवा; 20 अंशांना तिच्यात पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे एका लिटर रॉकेलने निम्म्याहून जास्त जागा भरली. शिवाय फवारणीच्या वेळी त्या खोलीत ज्योत असणं हेच मुळात जिवावरचं. द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून सरपटत ज्योतीपर्यंत पोचते.

विरजणाचं गणित निराळं. थंडीच्या दिवसांत आई दह्याचं भांडं कापडात गुंडाळून ठेवायची ते रात्रभरासाठी, विरजण लावण्यापुरतं नाही. पॉलियुरेथेनची क्रिया ढोबळमानाने दर 10 अंशांच्या घसरणीला निम्मी मंदावते. फवारताना खोली गरम ठेवली आणि रात्री हीटर बंद करून झोपायला गेलं की पापडाचं फार बिघडत नाही, उरलेला द्रावक सावकाश उडेल. पॉलियुरेथेन मात्र अर्धवट विणलेला राहतो. त्यातलाही द्रावक उडालेला असतोच, म्हणून बोट लावलं तर थर वाळल्यासारखा लागतो. त्यात पहाटे दव पडलं तर आयसोसायनेट रेझिनऐवजी पाण्याशी जोडलं जातं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि चकाकी जाते.

दोन्ही थर एकावर एक येतात तिथे सर्वात जास्त धीर लागतो. खालच्या व्हायनिलमध्ये द्रावक शिल्लक असताना वर पॉलियुरेथेन मारला तर झाकण बसतं. अडकलेला द्रावक नंतर वाट काढतो, फोड आणि टाचणीएवढी भोकं पडतात. थंडीत खालच्या थराला मी नेहमीच्या दुप्पट वेळ देतो.

ऊब टिकावी म्हणून दारं बंद करून पॉलियुरेथेन मारणं हे मला सर्वात भीतीचं वाटतं. आयसोसायनेटला वासावरून ओळखता येत नाही, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्यानेही दमा उसळू शकतो. त्यासाठी बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मुखवटाच हवा, कोळशाची गाळणी लावलेल्या साध्या मुखवट्यावर विसंबू नये.

वापरलेलं विमान घेतलं आणि वर कोणता थर आहे ते कळत नसेल, तर एमईके या जोरकस द्रावकात बुडवलेली चिंधी आडबाजूला घासून बघा. रंग चिंधीवर आला तर पापड. असं कापड फाटलं तर थर विरघळवून ठिगळ लावता येतं. आला नाही तर विरजण, मग आधी पॉलिश पेपरने घासून काढणं आलं. नव्या पॉलियुरेथेनवरही, आठवडाभर उबेत ठेवल्यावर, मी हीच चिंधी एका कोपऱ्यात फिरवतो. रंग आला तर गॅरेज आणखी काही दिवस गरम ठेवतो.