विलगीकरण टाकी : खाऱ्या पाण्यातील माशांसाठी पाण्याची निगा

नवा आणलेला किंवा आजारी पडलेला समुद्री मासा मुख्य मत्स्यालयात सोडण्यापूर्वी काही आठवडे ज्या वेगळ्या, लहान टाकीत ठेवतात तिला विलगीकरण टाकी म्हणतात. मुंबईतल्या हौशी मंडळींच्या बोलण्यात ती ‘क्यूटी’ (क्वारंटाइन टँक). साधारण ४० ते ८० लिटरची काचेची टाकी, स्पंज फिल्टर, हवेचा पंप, हीटर, थर्मामीटर आणि माशाला लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे एवढाच तिचा सरंजाम. तळाशी वाळू नसते, प्रवाळखडक नसतो. हा ओकेबोकेपणा मुद्दाम राखलेला असतो : वाळू आणि खडकातले कॅल्शियम कार्बोनेट औषधातले तांबे शोषून घेते आणि परजीवींच्या पुटींना (कवचबंद अवस्थेला) दडायला जागा मिळते. पण पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणूही त्याच वाळूत आणि खडकात राहतात. ते गेले की टाकीत उरते थोडेसे पाणी आणि त्यात घाण करणारा मासा. त्यामुळे ‘विलगीकरणात मासा दगावला’ असे कोणी सांगितले, तर आधी संशय अमोनियावर घ्यावा, रोगावर नंतर.

गरज : क्रॉफर्ड मार्केटच्या (महात्मा जोतिबा फुले मंडई) आसपासच्या किंवा उपनगरातल्या दुकानांत येणारे समुद्री मासे मन्नारच्या आखातापासून इंडोनेशियापर्यंत कुठूनही आलेले असतात. दुकानात अनेक टाक्यांना मिळून एकच पाणी फिरते, त्यामुळे एका माशाचा परजीवी सगळ्यांचा होतो. सर्वांत परिचित म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. हा परजीवी माशाच्या अंगावर ३ ते ७ दिवस राहतो, मग गळून तळाशी पुटी बनवतो आणि पुटीतून साधारण ३ ते २८ दिवसांत, क्वचित त्याहून उशिरा, नवी पिल्ले बाहेर पडतात. एकही ठिपका दिसत नाही म्हणून आठवड्याभरात मासा हलवणे फसवे ठरते ते यामुळे. किमान ३० दिवस थांबण्याचा प्रघात त्यातूनच आला. अमायलोडिनियम (मखमली रोग) आणि क्लाउनफिशना होणारा ब्रुकलिनेला हे दोन्ही याहून वेगवान, दोन-तीन दिवसांत मासा संपवू शकतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) क्लाउनफिशचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आहे. मात्र अशी पैदास केलेली निरोगी पिल्लेसुद्धा दुकानातल्या सामायिक पाण्यातून गेली की विलगीकरणातून सुटत नाहीत.

अमोनिया : मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया टाकत असतो. उरलेले अन्न कुजले की त्यात भर पडते. मत्स्यपालनातल्या ठोकताळ्याप्रमाणे ४५ टक्के प्रथिने असलेले १ ग्रॅम कोरडे खाद्य माशाने खाल्ले, तर सुमारे ४० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येते. टाकी ४० लिटरची असेल तर एका दिवसात लिटरमागे १ मिलिग्रॅम. मुख्य मत्स्यालयात हे पचून जाते, कारण नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा त्याचे नायट्रेट करतात. कोऱ्या फिल्टरवर ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मासा मात्र आज संध्याकाळी घरी आलेला असतो.

सगळा अमोनिया सारखाच विषारी नसतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो : अमोनियम आयन तुलनेने निरुपद्रवी, तर मुक्त अमोनिया कल्ले जाळणारा. कोणते रूप किती, हे मुख्यतः पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचा आकडा) ठरवतो आणि काही अंशी तापमान. समुद्री पाण्यात ८.२ पीएच आणि २७ अंश सेल्सिअसला एकूण अमोनियाचा ७ टक्क्यांच्या आसपास भाग मुक्त असतो. पीएच ७.२ असेल तर एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे गोड्या पाण्यात चालून जाणारा अमोनिया खाऱ्या पाण्यात जिवावर बेततो. नायट्राइटचे नेमके उलटे : समुद्री पाण्यातल्या भरपूर क्लोराइडमुळे ते कल्ल्यांतून आत शिरू शकत नाही, म्हणून त्याची धास्ती इथे कमी.

दुकानातून आणलेल्या पिशवीचे गणितही याच रसायनात आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासोच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच उतरतो आणि साठलेला अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच झपाट्याने चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. विमानाने दीड-दोन दिवस प्रवास करून आलेला मासा उघड्या पिशवीत ठेवून तास-तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसणे ही काळजी वाटते, पण घात करते. टाकीची क्षारता (पाण्याचा खारेपणा) आधीच पिशवीतल्या पाण्याइतकी करून ठेवावी, पिशवी न उघडता तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि मग मासा जाळीने किंवा डब्याने उचलून लगेच टाकीत सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. दादर-कुर्ल्याहून अर्ध्या तासात घरी आणलेल्या माशाला एवढी घाई लागत नाही.

टाकीत साठणाऱ्या अमोनियावर उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र करावे लागतात. पहिला, फिल्टरचा जादा स्पंज मुख्य मत्स्यालयाच्या संपमध्ये (फिल्टरसाठी जोडलेल्या खालच्या टाकीत) महिनाभर आधीच टाकून ठेवणे, म्हणजे तो जिवाणूंसकट तयार मिळतो. दुसरा, अन्न मोजून घालणे : गोठवलेल्या खाद्याचे पाणी गाळून टाकावे आणि उरलेले तुकडे तासाभरात बारीक नळीने ओढून घ्यावेत. बाजारातली ताजी कोलंबी बारीक करून घालणारे बरेच आहेत. मासे ती आवडीने खातात, पण पाणी तितक्याच लवकर नासते. तिसरा, पाणी बदलणे. निम्मे पाणी बदलले की अमोनिया निम्मा होतो. ३० टक्क्यांचे दोन बदल केले तरी जवळपास तेवढेच साधते आणि माशाला धक्का कमी बसतो.

पाणी कुठून आणायचे : समुद्र दाराशी आहे म्हणून वरळीहून किंवा वर्सोव्याहून पाणी भरून आणण्याचा मोह होतो. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ आणि शहराचे सांडपाणी असते, पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या लोंढ्याने क्षारता कोसळते, शिवाय रोगजंतू फुकट मिळतात. रोगापासून राखण्यासाठीच जी टाकी आहे तिच्यात हे पाणी घालण्याला अर्थ नाही.

पर्याय म्हणजे आरओचे पाणी आणि समुद्री मीठ-मिश्रण, लिटरला सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम. तानसा, भातसा, वैतरणा या धरणांतून येणारे महापालिकेचे पाणी पावसाचे, त्यामुळे मुळात मृदू असते. टीडीएस मीटरवर (विरघळलेल्या क्षारांच्या मापकावर) आकडा सहसा लहानच दिसतो. अडचण क्लोरीनची, ते कल्ल्यांना आणि फिल्टरच्या जिवाणूंना सारखेच मारक. आरओ नसेल तर ‘अँटिक्लोरिन’ म्हणून दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेट काम भागवते. सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळले जात असेल, तर आरओशिवाय भागत नाही. मीठ थेट टाकीत कधी ओतू नये. झाकणाच्या ड्रममध्ये मिसळून दिवसभर हवेचा दगड (पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र तुकडा) सोडून ठेवावा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजणाऱ्या उपकरणावर) घनता १.०२५ ते १.०२६ आली की वापरावे. तयार पाण्याचा एक ड्रम कायम भरलेला असावा. रात्री अकरा वाजता अमोनिया चढलेला दिसला की मीठ विरघळायची वाट पाहायला वेळ नसतो.

तापमान आणि प्राणवायू : मे महिन्यात बंद घरात टाकीचे पाणी ३१-३२ अंशांवर जाते. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो (समुद्री पाण्यात २५ अंशांना लिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ६.२) आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते. चिलर महाग, म्हणून बहुतेक जण पाण्यावर पंखा सोडतात. पंख्याने बाष्पीभवन होते, मीठ मागे राहते : ५० लिटरमधले २ लिटर पाणी उडाले की क्षारता हजारी ३५ वरून ३६.५ च्या घरात जाते. ही तूट साध्या आरओच्या पाण्याने भरावी, खाऱ्या नव्हे. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने पंख्याचा फारसा उपयोग होत नाही.

पंख्याला आणखी एक खोड आहे. अमायलोडिनियम हवेतल्या तुषारांवाटे पसरू शकतो आणि वाऱ्यासोबत ३ मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. वन रूम किचनमध्ये दोन टाक्यांत ३ मीटर अंतर ठेवणे ही चैनच. अशा घरात टाकीवर झाकण ठेवणे, पंख्याचा झोत मुख्य मत्स्यालयाकडे न वळवणे आणि जाळी, नळी, बादली दोन्हीकडे वेगळी ठेवणे एवढे तरी करता येते. गॅलरी टाळावी, दुपारचे ऊन थेट आले की छोटी टाकी तासाभरात तापते.

वीज सहसा जात नाही या भरवशावर मुंबईकर बॅटरीचा हवापंप घेत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड बिघडून शहराचा मोठा भाग काही तास अंधारात गेला होता. स्पंज फिल्टर हवेवरच चालतो, तेव्हा पंप थांबला की प्राणवायू आणि शुद्धीकरण दोन्ही थांबतात.

औषधे : पांढऱ्या ठिपक्यांवर आणि मखमली रोगावर तांबे वापरतात. आयनिक म्हणजे सुटे तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखावे लागते. बांधलेल्या म्हणजे चिलेटेड तांब्याची मात्रा त्याच्या कैक पट, उत्पादकाप्रमाणे १.५ ते २.५ च्या दरम्यान असते. दोहोंची गल्लत म्हणजे एकतर औषध निरुपयोगी, नाहीतर मासा मेला. म्हणून चाचणी संच औषधाच्या प्रकाराशी जुळणारा हवा. पाणी बदलताना नव्या पाण्यात आधी तेवढेच तांबे मिसळून घ्यावे, नाहीतर मात्रा दर बदलाला खाली येते आणि परजीवीला फावते. तांबे चालू असताना अमोनिया बांधणारी द्रावणे घालू नयेत. त्यांतली क्षपणक रसायने तांब्याचे रूप बदलून ते माशालाच अधिक विषारी करू शकतात. म्हणजे इतर वेळी हाताशी असलेली पळवाट इथे बंद होते आणि पाणी बदलणे एवढाच मार्ग राहतो.

प्रतिजैविके फिल्टरचे जिवाणूही मारतात, फॉर्मॅलिन पाण्यातला प्राणवायू खाते. दोन्ही वेळी हवा वाढवावी आणि अमोनिया रोज तपासावा. औषध सुरू असताना, ते शोषून घेणारा सक्रिय कार्बन फिल्टरमध्ये असल्यास काढून ठेवावा. कमी क्षारतेच्या उपचारात घनता १.००९ पर्यंत उतरवतात. तेव्हा पाण्याची क्षारीयता (पीएच टिकवून धरण्याची क्षमता) घटते, पीएच घसरू लागतो आणि थोडा खाण्याचा सोडा घालून तो सावरावा लागतो. क्षारता उतरवायला दोन दिवस पुरतात, पुन्हा चढवायला मात्र आठवडा घ्यावा.

चाचणी : अमोनियाच्या थेंबांच्या चाचणीत पिवळा रंग म्हणजे शून्य आणि हिरवट म्हणजे अमोनिया. घरातल्या पिवळ्या एलईडीखाली या दोन छटा वेगळ्या सांगता येत नाहीत. नळी खिडकीशी नेऊन पांढऱ्या कागदासमोर धरावी. चाचणी एकूण अमोनिया दाखवते, त्यामुळे शेजारी पीएचचा आकडा नसेल तर ती अर्धीच. बंद एसी खोलीत झोपणाऱ्यांच्या घरी रात्रभरात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने सकाळचा पीएच ७.८ पर्यंत उतरलेला असू शकतो. वाचन रोज ठरावीक वेळी घ्यावे. चाचणीआधी मासाच बोलतो : कल्ल्यांची उघडझाप वाढते, तो हवेच्या दगडापाशी किंवा पृष्ठभागाखाली लोंबकळतो, अन्नाकडे पाहत नाही. ही लक्षणे मखमली रोगाचीही आहेत, म्हणून आधी पाणी तपासून मगच औषधाची बाटली उघडावी.

कायदा : प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, विलगीकरणाच्या नावाखालीही ते ठेवता येत नाहीत.

आवराआवर : मुदत संपल्यावर स्पंज पुन्हा संपमध्ये टाकू नये, त्यात पुटी असू शकतात. टाकी, नळ्या आणि जाळी ब्लीचच्या पाण्यात बुडवून, धुऊन, पूर्ण सुकवावी. तांब्याचे पाणी खाडीत किंवा पर्जन्यजलाच्या गटारात न ओतता बाथरूमच्या मोरीत सोडावे. ज्या भांड्यात तांबे एकदा गेले, ते पुढे झिंगे किंवा गोगलगायी असलेल्या टाकीसाठी वापरू नये.