बॅकस्पिनवरचा हल्ला : उलटी फिरकी परत पाठवताना सुलटी कशी होते

टेबल टेनिस शिकू लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला एक कोडे पडते. समोरचा खेळाडू चेंडूच्या खालच्या अंगाला रॅकेट घासून एक संथ, निरुपद्रवी दिसणारा चेंडू पाठवतो. तो हवेत जरा रेंगाळतो, टप्पा घेतल्यावर आणखी मंदावतो, आणि आता याला झोडपून काढावे अशा विचाराने आपण रॅकेट सरळ पुढे नेतो, तर चेंडू जाळीच्या तळाशी जाऊन आपटतो. दुसऱ्या वेळी अधिक जोर लावला तरी बहुधा तेच घडते. प्रशिक्षक ‘उचल, चेंडू उचल’ असे सांगत राहतात आणि त्यांचे म्हणणे बरोबरही असते. पण किती उचलायचे आणि का, हे त्या एका शब्दातून कळत नाही. ते कळण्यासाठी चेंडू आणि रॅकेटवरचे रबर एकमेकांना टेकलेले असतात त्या सुमारे एक-हजारांश सेकंदाकडे पाहावे लागते.

आधी चेंडूकडे पाहू. त्याचा व्यास 40 मिलिमीटर आणि वजन अवघे 2.7 ग्रॅम असते, आणि तो आतून पोकळ असतो. बॅकस्पिन म्हणजे उलटी फिरकी : चेंडू ज्या दिशेने जात असतो त्या दिशेने त्याचा तळ पुढे सरकत असतो आणि माथा मागे. असा चेंडू सेकंदाला 50 फेऱ्या घेत असेल, आणि कसलेल्या खेळाडूसाठी हा आकडा मुळीच अवघड नाही, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे 6.3 मीटर होतो. म्हणजे संथ वाटणाऱ्या चेंडूची कडा कित्येकदा त्या चेंडूपेक्षा अधिक वेगाने धावत असते. डोळ्याला दिसते ते चेंडूचे पुढे येणे. रबराला जाणवते ते मात्र या कडेचे फिरणे.

हवेतून जाताना ही फिरकी चेंडूला वर उचलून धरते. फिरणारा चेंडू आपल्याभोवतीची हवा खाली वळवतो आणि त्या बदल्यात हवा त्याला वर ढकलते. 19व्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यांच्या नावाने ओळखला जाणारा हाच तो परिणाम होय. सेकंदाला 8 मीटर वेगाने जाणाऱ्या, चांगल्या बॅकस्पिनच्या चेंडूवरील हा जोर ढोबळ हिशेबाने चेंडूच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास भरतो. त्या चेंडूपुरते गुरुत्वाकर्षण जणू अर्धेच उरते. म्हणून तो रेंगाळल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच घाई करणारा खेळाडू त्याच्याकडे वेळेआधीच झेपावतो.

टेबलावरच्या टप्प्यात ही फिरकी खर्च होऊन जात असेल, अशी अनेकांची समजूत असते. तसे होत नाही. टप्प्याच्या क्षणी चेंडूचा तळ पुढच्या दिशेने टेबलावर घासतो आणि टेबल त्याला मागे ढकलते. त्यामुळे पुढचा वेगही घटतो आणि फिरकीही. मात्र टेबलाचा पृष्ठभाग रबरासारखा चिकट नसल्याने ही घासणी मर्यादित राहते. सेकंदाला 4 मीटर वेगाने येणारा चेंडू 30 सेंटीमीटर उंचीवरून टेबलावर उतरला, तर टप्प्यानंतर त्याचा पुढचा वेग सुमारे 3 मीटर उरतो आणि 50 फेऱ्यांपैकी 40च्या जवळपास फेऱ्या शिल्लक राहतात. चेंडू पोकळ असल्याचाही येथे वाटा आहे. त्याचे सगळे वस्तुमान कवचात, म्हणजे केंद्रापासून दूर असल्याने तेवढ्याच वजनाच्या आणि आकाराच्या भरीव चेंडूपेक्षा त्याची फिरकी मोडणे कठीण असते. पुढचा वेग अगदी कमी आणि फिरकी भरपूर असेल, तर टेबलाचा हा मागचा धक्का वरचढ ठरतो आणि सर्व्हिसचा चेंडू टप्पे घेऊन चक्क जाळीकडे परत येतो. प्रेक्षकांना तो चमत्कार वाटतो, पण हिशेब तोच असतो.

आता तो चेंडू आपल्या रॅकेटला येऊन भिडतो. चेंडूचा तळ आपल्याकडे आणि माथा पलीकडे सरकत असेल, तर आपल्यासमोरची त्याची बाजू खालून वर धावत असते. रबर तिला पकडून थांबवू पाहते, म्हणजेच चेंडूला खाली ओढते. सेकंदाला 40 फेऱ्या, अर्थात कडेचा वेग 5 मीटर धरला आणि रबर चेंडूला अजिबात घसरू देत नाही असे मानले, तर उभ्या, स्थिर धरलेल्या रॅकेटवरून चेंडू सेकंदाला सुमारे 2 मीटर वेगाने खाली फेकला जातो. पुढच्या दिशेने तो 6 मीटर वेगाने निघाला असेल, तर त्याचा मार्ग आडव्या रेषेच्या जवळजवळ 20 अंश खाली झुकतो. प्रत्यक्षात रबर ताणले जाऊन उलट झटकाही देते, त्यामुळे हा झुकाव आणखी वाढतो. जाळी फक्त 15.25 सेंटीमीटर उंच असली तरी 20 अंशांनी खाली निघालेला चेंडू तिच्यावरून जाण्याचा प्रश्नच येत नाही.

यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे रॅकेटचे तोंड आभाळाकडे उघडून चेंडूच्या तळाला हलकेच घासणे, ज्याला खेळाडू पुश म्हणतात. तो सुरक्षित आहे, आवश्यकही आहे. पण पुश करून आपण प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच भाषेत उत्तर देतो आणि कोडे त्याच्याकडे सरकवतो, एवढेच. हल्ला करायचा असेल तर निराळ्या दृष्टीने पाहावे लागते.

त्यासाठी क्षणभर जाळीच्या बाजूला बसलेल्या पंचाच्या जागी जाऊ. चेंडू पंचाच्या उजवीकडून डावीकडे बॅकस्पिन घेऊन निघाला, तर पंचाला तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना दिसेल. डावीकडच्या खेळाडूने त्यावर टॉपस्पिन, म्हणजे सुलटी फिरकी देऊन तो परत पाठवला, तर डावीकडून उजवीकडे जाणारा तो चेंडूही पंचाला घड्याळाच्या काट्यांच्याच दिशेने फिरताना दिसेल. प्रवासाची दिशा उलटली, फिरण्याची नाही. आपल्याकडे आलेली उलटी फिरकी हीच परत जाताना सुलटी फिरकी असते. बॅकस्पिनवर हल्ला करणाऱ्याला चेंडूची फिरकी मोडून नवी निर्माण करायची नसते. आयती मिळालेली फिरकी जपायची असते आणि जमल्यास तिच्यात भर घालायची असते. मला विचाराल तर या खेळातील कुठल्याही नियमापेक्षा ही एक गोष्ट आधी शिकवायला हवी, कारण ती कळल्यावर ‘उचल’ या शब्दाला अर्थ येतो.

हा अर्थ आकड्यांत मांडता येतो. चेंडूची समोरची बाजू सेकंदाला 5 मीटर वेगाने वर धावत आहे. आपली रॅकेटही 5 मीटर वेगाने वर गेली, तर दोघांत घासणी होणारच नाही. चेंडू खाली ओढला जाणार नाही आणि त्याच्या 40 फेऱ्या जशाच्या तशा टॉपस्पिन म्हणून परत जातील. रॅकेट त्याहून हळू वर गेली, तर चेंडू खाली पडतो आणि फिरकीही मरते. अधिक वेगाने गेली, तर चेंडू वर उचलला जातो आणि फिरकी वाढते. समजा रॅकेट 10 मीटर वेगाने वर गेली. आधीचेच गृहीत कायम ठेवले, तर चेंडू 2 मीटर वेगाने वर उठतो आणि त्याची फिरकी 40 वरून 64 फेऱ्यांवर जाते. हाच फटका अजिबात न फिरणाऱ्या चेंडूला बसला, तर फिरकी 48 फेऱ्या मिळते, पण चेंडू 4 मीटर वेगाने वर उडतो. आणि समोरून 40 फेऱ्यांचा टॉपस्पिन आला असेल, तर आधी तो मोडण्यातच शक्ती जाऊन हाती 32 फेऱ्या लागतात आणि चेंडू 6 मीटर वेगाने वर उसळतो. एकाच हाताचा एकच फटका, पण येणाऱ्या फिरकीनुसार निकाल तीन प्रकारचे. टॉपस्पिनवर खेळताना रॅकेट झाकावी, म्हणजे तिचे तोंड खाली झुकवावे लागते आणि बॅकस्पिनवर तिचे तोंड थोडे उघडून खालून वर न्यावी लागते, त्याचे कारण या आकड्यांत आहे. आणि बॅकस्पिनवर मारलेला लूप, म्हणजे खालून वर घासून मारलेला टॉपस्पिनचा फटका, अनेकदा सर्वाधिक फिरकीचा का असतो, त्याचेही.

यातून शरीराच्या हालचालीचेही बरेच काही ठरते. फटक्याची सुरुवात चेंडूच्या खालून व्हायला हवी, म्हणून गुडघे वाकतात, खांदा खाली येतो आणि रॅकेट मांडीजवळ नेली जाते. महत्त्व बळापेक्षा रॅकेटच्या टोकाच्या वेगाला असते, म्हणून पाय, कंबर, दंड आणि शेवटी मनगट या क्रमाने वेग साखळीसारखा पुढे सोपवला जातो. नवशिके एक चूक हमखास करतात : चेंडू जड आहे असे समजून ते हात आखडतात आणि रॅकेट हळूहळू, ओझे उचलावे तशी वर नेतात. जड असे तेथे काहीच नसते. 2.7 ग्रॅमच्या वस्तूला उचलायला बळ लागत नाही; तिच्या कडेला गाठायला वेग लागतो. शिवाय रबराने चेंडू घट्ट धरावा यासाठी फटक्यात थोडा पुढचा दाबही हवा. नुसतेच वरवर घासले तर चेंडू रबरावरून निसटतो, विशेषतः रबर जुने किंवा धुळकट असेल तेव्हा.

पण टॉपस्पिनचा आग्रह तरी कशासाठी? याचे उत्तर टेबलाच्या मापांत आहे. टेबल 2.74 मीटर लांब असते. चेंडू आपल्या बाजूच्या कडेवर, टेबलाच्याच पातळीला असेल आणि त्यावर फिरकी नसेल, तर जाळी ओलांडून पलीकडच्या कडेच्या आत उतरण्यासाठी त्याचा पुढचा वेग सेकंदाला जेमतेम साडेसात-आठ मीटर ठेवावा लागतो. त्याहून वेगाने मारलेला चेंडू एक तर जाळीत जाईल किंवा टेबलाबाहेर. टॉपस्पिनमध्ये मात्र माग्नुसचा जोर खालच्या दिशेने लागतो. 60-65 फेऱ्यांचा चेंडू 10 मीटर वेगाने जात असेल, तर हा जोर चेंडूच्या वजनाएवढा होऊ शकतो. गुरुत्वाकर्षण दुप्पट झाले असे समजा. मग चेंडू दहा-अकरा मीटर वेगाने मारला तरी टेबलावर उतरतो. खाली राहिलेल्या चेंडूवर वेगवान हल्ला करण्याची परवानगी टॉपस्पिन देते ती अशी.

चेंडू जाळीपेक्षा बराच वर उसळला असेल, तर गोष्ट वेगळी. तेथून टेबलाकडे जवळजवळ सरळ रेषा मिळते आणि स्मॅश मारता येतो. पुढचा वेग 20 मीटर असेल, तर फिरकीमुळे खाली लागणारा 2 मीटरचा धक्का मार्ग केवळ 6 अंशांच्या आसपास वळवतो, आणि तेवढे रॅकेट जरा उघडून भरून काढता येते. उंच चेंडूवर जोर चालतो, बुटक्या चेंडूवर चालत नाही.

अडचण खरी होते ती जाळीजवळ आखूड पडलेल्या चेंडूवर, कारण रॅकेट खालून आणायला टेबल आड येते. येथे भूगोलातील एक ओळखीची कल्पना कामी येते. पृथ्वी फिरताना विषुववृत्तावरचा माणूस सर्वाधिक वेगाने फिरतो आणि ध्रुवावरचा जागच्या जागी. शुद्ध बॅकस्पिनच्या चेंडूचा अक्ष आडवा असतो आणि त्याचे ध्रुव डाव्या-उजव्या अंगाला येतात. त्या अंगाला मनगटाने घासले, तर रबराची गाठ कमी वेगाच्या भागाशी पडते आणि फिरकीचा जाच घटतो. बॅकहँडने मनगट वळवून मारलेल्या ‘चिकिता’ या फटक्यात चेंडूला बाजूची फिरकी मिळते, ती अशा कडेच्या स्पर्शातून. आखूड बॅकस्पिन सर्व्हिस हा एके काळचा सुरक्षित आसरा होता. या फटक्याने त्याची बरीच सुरक्षितता काढून घेतली आहे.

पंचाच्या खुर्चीतून दिसणारे दृश्य आणखी एका प्रसंगी पाहण्यासारखे असते : एकीकडे लूप मारणारा आक्रमक आणि दुसरीकडे टेबलापासून लांब उभा राहून चॉप करणारा बचावपटू. आक्रमकाचा टॉपस्पिन बचावपटूकडे पोहोचतो, तो रॅकेट वरून खाली आणून चेंडू कापतो आणि तीच फिरकी बॅकस्पिन होऊन परत येते. संपूर्ण रॅलीत चेंडूची फिरण्याची दिशा एकदाही बदलत नाही. दोघेही तिला एकाच बाजूने ढकलत राहतात. लाँग पिंपल्सचे रबर याच गोष्टीचा लाभ घेते. त्याचे लांब, लवचीक दाणे वाकतात, चेंडूला फारसे धरत नाहीत, आणि आलेली फिरकी जवळजवळ तशीच परत जाते. समोरच्याने अशा रबराने काय पाठवले हे ओळखायचे, तर आपण काय पाठवले होते ते आठवायचे. पूर्वी दोन्ही बाजूंना एकाच रंगाची, पण निराळ्या गुणांची रबरे लावून प्रतिस्पर्ध्याला चकवता येत असे. 1980च्या दशकात रॅकेटच्या दोन बाजूंना दोन वेगळे रंग सक्तीचे झाले.

लूपचा फटका 1960च्या सुमारास जपानमध्ये आकाराला आला, तेव्हा चॉपवर पोसलेल्या बचावाच्या शैलीला मोठा हादरा बसला. 2000 साली चेंडूचा व्यास 38 वरून 40 मिलिमीटर झाला आणि फिरकी थोडी कमी झाली. तरीही चॉप संपला नाही. 2003 साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचे जू से-ह्युक हे बचावपटू एकेरीच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचले आणि तेथे ऑस्ट्रियाच्या वेर्नर श्लागर यांच्याकडून पराभूत झाले.

अशा बचावपटूचे सर्वांत धारदार शस्त्र जोरदार बॅकस्पिन हे नसतेच. तो चार-पाच चेंडू कापून पाठवतो, आक्रमकाच्या हाताला वर घासण्याची सवय लावतो, आणि मग अगदी तशाच हालचालीने, पण चेंडूला न घासता, बिनफिरकीचा चेंडू पाठवतो. आक्रमक तोच फटका मारतो. चेंडू सेकंदाला 2 मीटरऐवजी 4 मीटर वेगाने वर उठतो, आणि जाळीपर्यंत पोहोचण्याच्या सुमारे एक-पंचमांश सेकंदातच अपेक्षेपेक्षा 40 सेंटीमीटर उंच जातो. हा चकवा ओळखायचा असेल, तर चेंडूवरची छापील खूण पाहावी लागते : भरपूर फिरणाऱ्या चेंडूवर ती पुसून गेल्यासारखी दिसते, न फिरणाऱ्यावर स्पष्ट. ती पाहायला मिळणारा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो.